आवाजाचं मशीन

कर्रर्र... दुपारच्या सामसूम घरात आवाज उठला, तशी जरा कुठं आडवी झालेली गौरम्मा ताडकन उठून बसली.

"काय गं ते, महानंदा?"

"फेटायचं मशीन हाय, अत्ती. काल आणलंय." सुनेनं पातेल्यावरून मान वर केली नाही. मुठीवर तिच्या हाताखाली लेकीचा इवलासा हात होता. शांतम्माला आज पाचवं वर्ष लागलं होतं, आणि यंदाचा वाढदिवसाचा केक उघड उघड करायचा, असं महानंदानं ठरवलं होतं.

आजवरचे सगळे चोरटे. बिनअंड्याचे, दह्यातले असूनही चोरटे. सासू झोपली की दार लोटून चमच्यानं फेटायचं आणि वाळूच्या पातेल्यात भाजायचं. काल नव्या पेठेतल्या दुकानात मशीन निवडायला तिनं वेळ लावला. विजेवरचं एका हातानं धरता येत होतं, पण लाईट गेली की ते मुकं. नवऱ्याचं, शिवयोगीचं, मन तारेच्या साध्या फेटण्यावर. "हेच घे की. आवाज न्हाय. अव्वाला कळणार पण न्हाय."

ते ऐकलं आणि तिनं तिसरं उचललं. लाकडी मुठीचं, दातेरी चाकाचं. गरगर फिरवलं, तसं अख्खं दुकान वळून बघू लागलं.

"वैनी, हे लई आवाज करतंय," दुकानदार म्हणाला.

"करू दे की."

आता गौरम्मानं कोपऱ्यातलं मशीनचं खोकं उचललं. त्यावर अंड्यांचं चित्र.

"गळ्यात लिंग बांधून घरात अंड्याचं यंत्र आणलंस?"

"दही हाय, अत्ती. बोट बुडवून बघा."

"मग चित्र कशाचं हाय? वांग्याचं?"

"चित्रात एक गोरी बाई पण हाय. तिला पण आणली व्हय मी घरात?"

"ते भाईर टाक. न्हायतर ते फिरवलेल्या हातचं पाणी पिणार न्हाय मी."

महानंदा उठली. सासूला वाटलं, टाकायला निघाली. तिनं स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं, पातेलं उंबऱ्याशी ओढलं आणि मूठ पुन्हा फिरवली. शेजारची मायाक्का डोकावली, "शिवणयंत्र घेतलंस काय गं?"

"न्हाय मायाक्का, केक करतीय. संध्याकाळी या खायला!"

केक फुलला. घरभर वेलचीचा वास सुटला. शांतम्मा पहिला तुकडा घेऊन अज्जीकडं धावली. गौरम्मानं पदर आवरून तोंड फिरवलं.

दिवेलागणीला अज्जीला पाण्याचा तांब्या द्यायचं काम रोज शांतम्माचं. आज गौरम्मा स्वतः उठली, स्वतः पाणी घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून प्यायली.

महानंदानं मशीन धुतलं, पुसलं आणि येताजाता दिसेल असं खिळ्याला टांगलं. मागं शांतम्मा भरला तांब्या घेऊन उभी होती.

"आई, अज्जी माझ्या हातचं पण घेत न्हाय. मी पण अंड्याची झाले का गं?"