दोनशे चाळीस त्रिकोणी वस्त्रे

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि समुद्रापलीकडे चालणारे मिशनचे सारे कार्य माझ्या चार लोखंडी पायांवर उभे आहे. पाळकसाहेब म्हणतात, ते विश्वासावर उभे आहे. कार्यवाह म्हणतात, समितीवर. म्हणू देत बापडे. मित्रांनो, माझ्या या थोर कार्याचे स्वरूप एका शब्दात सांगायचे, तर तो शब्द असा: लंगोट.

हसून घ्या. मी थांबते.

झाले? तर, तान्ह्या बाळांचे लंगोट. त्रिकोणी, मऊ, दोन टोकांना नाड्या. गेली एकतीस वर्षे दर नाताळाच्या आधी मी ते शिवत आले आहे आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. ज्यांना वाटते, त्यांच्यामुळेच पुढचा सगळा घोटाळा झाला.

माझे अंग ओतीव लोखंडाचे आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा काळी कुळकुळीत होते आणि अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. आता जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथेच ती उरली आहे. पहिली नऊ वर्षे मी एका शिंप्याकडे काढली. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला 'परवा या' म्हणायचा, त्यामुळे सभ्य माणसे खोटे कसे बोलतात हे मला कोवळ्या वयातच कळले. दुकान बंद करताना त्याने मला प्रार्थनामंदिरामागच्या खोलीला देऊन टाकले. तिथे एक लांब टेबल होते, डझनभर खुर्च्या होत्या, त्यांतल्या तीन डगमगत्या, आणि भिंतीवर जगाचा नकाशा होता. नकाशात समुद्राच्या पार एक लाल टाचणी टोचलेली होती. टाचणीखाली मिशनचा दवाखाना होता.

त्या खोलीत मला मावशी भेटली. मावशी खरे म्हणजे एकाच मुलीची मावशी. आईवेगळ्या भाचीला तिने लहानाचे मोठे केले. ती पोर 'मावशी, मावशी' करत खोलीभर नाचायची, म्हणून बाकीच्यांनीही तोच शब्द उचलला. आज पाळकसाहेबसुद्धा तिला मावशी म्हणतात, आणि ते तिच्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत. भाची शिकली, सुईणकाम शिकून परिचारिका झाली आणि एके दिवशी त्या लाल टाचणीकडे निघून गेली. त्या दिवशी मावशीने एकसष्ट लंगोट शिवले. मित्रांनो, रडणाऱ्या माणसाचा पाय पायडलवर कसा पडतो ते मला विचारा. दोन ठेके आणि एक थांबा, दोन ठेके आणि एक थांबा.

तेव्हापासून दर वर्षी आमचे मोठे लाकडी खोके जहाजाने जाई. मी स्वतः समुद्र पाहिलेला नाही; माझ्या टाक्यांनी पाहिला. वार्षिक अहवालात माझा एकदाच उल्लेख आला: 'यंत्रसामग्री: एक (चालू).' कंसातला तो शब्द मी अजून मनात घोळवते.

यंदा मावशीच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. तीन आठवडे शिवणाकडे बघायचेही नाही, असे डॉक्टरांनी बजावले. नेमके त्याच आठवड्यात भाचीचे पत्र आले. ते समितीच्या नावावर होते, म्हणून कार्यवाहांच्या हाती पडले. तिने लिहिले होते, 'यंदा थंडी लवकर पडली आहे आणि बाळंतपणे दुप्पट झाली आहेत. जुने लंगोट धुऊन धुऊन त्यांची जाळी झाली. आम्ही खिडक्यांचे पडदे फाडून वापरले. आता खिडक्याच उरल्या. बाळे ओली राहतात आणि गारठतात. नाताळापूर्वी काहीही करून दोनशे चाळीस लंगोट पाठवा. बाकी काही पाठवले नाही तरी चालेल.'

कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक आहेत. माणूस सज्जन, पण भाषा फार शुद्ध. त्यांना शिंक आली तरी ती आधी व्याकरणाला दाखवून मग बाहेर सोडतात. रविवारच्या उपासनेनंतर ते पत्र वाचायला वेदीजवळ उभे राहिले. मधले दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते. 'खिडक्यांचे पडदे' हा भाग त्यांनी गाळला. का, तर पडदे कशासाठी फाडले ते सांगावे लागले असते. मग ते खाकरले आणि म्हणाले, "आपल्या परदेशस्थ सेवाकेंद्रास नाताळनिमित्त दोनशे चाळीस... त्रिकोणी वस्त्रे हवी आहेत. मऊ सुती कापडाची. हातभर आकाराची."

मंडळीत कुजबूज झाली. कार्यवाहांची बायको, म्हणजे आमच्या काकू, महिला मंडळाच्या प्रमुख आहेत. त्यांनी तिथल्या तिथे विचारले, "त्रिकोणी म्हणजे पताका ना हो?"

कार्यवाहांचे कान लाल झाले. "ते... तुम्हा बायकांना कळतंच," असे म्हणून त्यांनी पत्राची घडी घातली.

झाले! बायकांना कळले. सोमवारी खोलीत कापडाचा गठ्ठा आला आणि काकूंनी कात्री हातात घेतली. "दवाखान्यात सणाची शोभा नको का? चांगल्या ठसठशीत करू. लाल लेस लावू, मधोमध चांदणी, आणि स्टार्चमध्ये बुडवू. वाऱ्यावर कशा ताठ उभ्या राहिल्या पाहिजेत!"

मित्रांनो, पत्रात काय होते ते तेव्हा मला ठाऊक नव्हते, पण कापड कळते. ते कापड बाळाच्या अंगाचे होते. सुईखाली आले की कळते ना! त्यावर लेस चढवायला लागल्या तेव्हा मी वाकडे टाके घातले. ऐकेनात. मग मी दोरा तोडला. त्यांनी पुन्हा ओवला, मी पुन्हा तोडला. सतरा वेळा. त्याला हट्ट म्हणा, बंड म्हणा. न बोलणाऱ्याला एवढेच करता येते.

"म्हातारी झाली ही," एकीने निदान केले.

"खोकं गेलं की शनिवारी भंगारवाल्याला बोलवा," काकू म्हणाल्या. "आणि तोवर हिच्याकडून जेवढं काम निघेल तेवढं काढून घ्या."

निघालेही. सतरा वेळा तोडून अठराव्यांदा मी हरले, हे मी लपवणार नाही. दोन आठवड्यांत दोनशे चाळीस पताका तयार झाल्या, पापडासारख्या कडक. खोक्यात भरल्या आणि वर खिळे ठोकले. गुरुवारी दुपारी बारा वाजता ट्रक येणार होता आणि खोके बंदराकडे जाणार होते. नाताळाच्या आधी पोचेल असे ते शेवटचे जहाज होते.

बुधवारी सकाळी मावशी आली. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या चार दिवस आधी, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. आल्या आल्या तिने माझ्यावरून हात फिरवला, मग टेबलावर उरलेला कापडाचा एक तुकडा चाचपला.

"हे कापड बाळंत्याचं आहे. काय शिवलंत?"

"पताका," काकू अभिमानाने म्हणाल्या.

"पोरीने पताका मागितल्या? तिने? ती घरात कधी फूल लावायची नाही. पत्र दाखवा."

कार्यवाहांनी फाइल काढली, पण उघडेनात. शेवटी मावशीने ती त्यांच्या हातातून घेतली आणि पत्र काकूंपुढे धरले. "माझा डोळा नाही चालत. तुम्ही वाचा. मोठ्याने."

काकू वाचू लागल्या. पडदे आले, खिडक्या आल्या. 'लंगोट' या शब्दावर लाल पेनाने काट मारलेली होती आणि वर सुबक अक्षरात 'त्रिकोणी वस्त्रे' असे लिहिले होते. काकूंनी पत्रावरून मान वर केली.

"अहो! मी तुम्हाला विचारलं होतं!"

"मी 'कळतंच' म्हणालो," कार्यवाह पुटपुटले. "वेदीजवळ उभं राहून, भर मंडळीत, मी तो शब्द उच्चारू?"

"पाच नातवंडांचे वाळत घातले मी घरात. तेव्हा त्यांना त्रिकोणी वस्त्र म्हणून उचललंत का कधी?"

"मी एकही उचललेला नाही," कार्यवाह म्हणाले. ते खरे होते.

मग त्यांनी घसा साफ केला. "आता झालं ते झालं. खोकं बंद आहे. पताका जाऊ देत. पुढच्या वर्षी लक्ष घालू."

"पुढच्या वर्षी ती बाळं चालायला लागतील," मावशी म्हणाली. "आज ओली आहेत. आणि एक सांगा मला, गव्हाणीतल्या बाळाला काय पताकेत गुंडाळलं होतं?"

कार्यवाहांनी खिशातले लाल पेन आणखी आत सारले.

"खिळे काढा," मावशी म्हणाली आणि माझ्यासमोर बसली.

"अहो मावशी, डोळा!" काकू ओरडल्या.

"डोळा माझा आहे. टाका मशीन घालते. मला नुसता हात पुढे सरकवायचाय. दोरा ओवायला मात्र माणूस लागेल. तुम्ही या इकडे, कार्यवाह."

"मी?"

"चष्मा नवा आहे ना तुमचा? दोऱ्याला थुंकी लावा आणि ओवा."

"थुंकी?"

"मग काय समितीचा ठराव मागवू?"

मित्रांनो, पुढचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. काकूंनी सगळ्या बायकांना बोलावले. निम्म्या जणी ब्लेडने लेस उसवत होत्या, निम्म्या टपात गरम पाणी घेऊन स्टार्च काढत होत्या. खोलीत दोऱ्या पुरेनात, म्हणून लंगोट प्रार्थनामंदिरात वाळत घातले. बाकांच्या पाठींवर, खिडक्यांच्या कठड्यांवर, शेवटी वेदीसमोरच्या कठड्यावरसुद्धा. पाळकसाहेब प्रवचनाचा कागद घेऊन आत आले, सगळीकडे पाहिले आणि म्हणाले, "माझ्या खुर्चीची पाठ रिकामी आहे." तेवढे बोलून ते बाही वर करून टपापाशी बसले.

त्रिकोण तयार होतेच. लागत होत्या त्या नाड्या, दोनशे चाळीस दुणे चारशे ऐंशी. मावशीचा पाय पडत होता आणि मी धावत होते. त्या दिवशी मी एकदाही दोरा तोडला नाही. एकदाही! ज्यांनी मला म्हातारी म्हटले त्या बायका नाड्या कापून द्यायला पुऱ्या पडत नव्हत्या. कार्यवाह सुरुवातीला दोरा दोन बोटांत धरून असा थुंकी लावत, जणू विष चाखताहेत. विसाव्या रिळापाशी ते मावशीला सांगू लागले, "जरा सावकाश. नाडी तिरकी जातेय."

गुरुवारी पावणेबाराला सदतीस लंगोट राहिले होते. त्यांच्यावरच्या चांदण्या निघतच नव्हत्या. टाके माझे होते, सहज कसे निघतील? "राहू द्या चांदण्या," मावशी म्हणाली. "नाड्या आधी."

आणि ट्रक पंधरा मिनिटे आधीच आला.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. काकूंनी खिडकीतून हात जोडले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, जहाज माझ्या बापाचं नाही. खोकं तयार नसेल तर मी चाललो." त्याने गाडी सुरू केली.

तेव्हा आमचे कार्यवाह उठले. हातात ओवायचा दोरा तसाच होता. पळत रस्त्यावर गेले आणि ट्रकसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. भर बाजाराची वेळ, दोन्ही बाजूंना माणसे, त्यांतली निम्मी त्यांचे माजी विद्यार्थी. आणि आयुष्यात ज्यांनी कधी आवाज चढवला नाही ते बेंबीच्या देठापासून ओरडले:

"थांबा! आत लंगोट आहेत! लंगोट!"

सगळा रस्ता थांबला. ड्रायव्हरने डोके बाहेर काढले.

"कसले?"

"तान्ह्या बाळांचे. दोनशे चाळीस. तिकडे थंडी आहे हो."

"मग आधी नाही का सांगायचं?" ड्रायव्हरने गाडी बंद केली. "माझंही महिन्याचं आहे घरी. घ्या वीस मिनिटं. पण खोकं उचलायला माणसं द्या."

माजी विद्यार्थ्यांनी उचलले.

शनिवारी भंगारवाला आला. मावशी मला पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "हात लावून दाखव." तो डगमगत्या तीन खुर्च्या घेऊन गेला.

नाताळानंतर भाचीचे पत्र आले. खोके नाताळाच्या दोन दिवस आधी पोचले होते. एकही बाळ गारठले नाही. चांदणीवाले लंगोट आपल्याच बाळाला मिळावेत म्हणून आया आपसांत भांडतात, असेही तिने लिहिले होते. त्या पत्रात 'लंगोट' हा शब्द अकरा वेळा आला होता. मला वाटते, मुद्दाम. कार्यवाहांनी ते वेदीजवळ उभे राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. काहीही गाळले नाही. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसले, तेव्हा ते थांबले, त्याच्याकडे पाहिले आणि तेच वाक्य पुन्हा वाचले.

म्हणून सांगते, मित्रांनो. दूरच्या माणसाला मदत करायची असेल तर त्याने जे मागितले तेच द्या, आणि त्याला जे नाव आहे त्याच नावाने द्या. आपल्याला जे शोभेल ते त्याच्या गळ्यात बांधू नका. आणि जुन्या वस्तूने काम अडवले तर तिला भंगारात काढण्याआधी एकदा बघा, काम तर चुकीचे नाही ना. मी पुढच्या नाताळालाही शिवणार आहे. त्याच्या पुढच्याही. नवी विजेची मशीन आणा, कोपऱ्यात ढकला, वर चादर टाका. मी चादरीखालून शिवीन. नकाशावर टाचणी आहे तोवर मला कुणी बंद करू शकत नाही.

फक्त कुणीतरी चाकाजवळ दोन थेंब तेल घाला. मशीनचे. मागच्या वेळी काकूंनी डोक्याचे घातले होते.