पेटीकडे गेलेला डावा हात

मी एक विम्याचा कागद. इंग्रजीत टाइप केलेली दोन पानं आणि खाली गोल शिक्का. छापलो गेलो दूरच्या कुठल्याशा ऑफिसात, पण माझं घर म्हणजे आदिलाबादकडच्या बोथ गावचे खुशाल गुरुजी. १९९४ साली नागोराव एजंटांनी मला त्यांच्या हातात ठेवलं.

गुरुजींनी मला न वाचताच घडी घातली. नागोराव हसले, "काय गुरुजी! पोरांले धडा दोनदा वाचायले लावता, अन् सोता असे?" मग त्यांनी मला उलगडून माझ्या दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. "हा कागद निसता मेल्यावरचा नाही. यात चार आजार लिहेल हायेत. पक्षाघात, कॅन्सर, किडनी, हृदयाचं आपरेशन. यातलं काही झालं, तर माणूस जिता असतानाच अर्धे पैसे भेटतात, इलाजासाठी. वहिनी, तुमी बी ऐकून ठेवा."

गुरुजींच्या पत्नी द्वारकाबाई कपबश्या घेऊन दारात थबकल्या; आजारांची नावं तेवढी त्यांच्या कानी पडली होती. "दिवाबत्तीच्या टायमाले कशाची नावं काढून राह्यले, भाऊजी? च्या घ्या."

"जाऊ द्या, नागोराव," गुरुजी म्हणाले. "मले समजलं ना? बस झालं."

त्या घरात माझा अर्थ एकट्या गुरुजींना ठाऊक राहिला, तो असा.

मला लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूखाली ठेवलं. हप्ता पगारातून कटायचा, त्यामुळे मला कुणी बाहेर काढलंच नाही. डांबरगोळीच्या वासात तीन वर्षं गेली. नागोराव एजन्सी सोडून मुलाकडे निजामाबादला राहायला गेले.

आणि एके दिवशी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता गुरुजींच्या हातातून खडू गळाला. पाठोपाठ तेही कोसळले. उजवं अंग गेलं. लिहिणारा हात गेला आणि वाचाही गेली.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, "नागपूरला महिनाभर ठेवा, सुधारतील." द्वारकाबाईंनी सोन्याच्या बांगड्या मोडल्या. त्यात नागपुरात आठ दिवस निघाले. नवव्या दिवशी त्या गुरुजींना परत घेऊन आल्या.

खाट पेटीसमोरच होती. गुरुजी डावा हात पेटीकडे करायचे. "अं... अं..." एवढाच आवाज निघायचा. द्वारकाबाई पेटी उघडायच्या. "काय पायजे? सदरा?" गुरुजी नकारार्थी मान हलवायचे. "शाल? फोटो?" पुन्हा नाही. एकदा द्वारकाबाईंच्या हाताला मी लागलो. गुरुजींचे डोळे लकाकले. ते जोरजोरात होकारार्थी मान हलवू लागले.

द्वारकाबाईंच्या लेखी मी मेल्यावरचाच कागद; त्यांचा चेहरा उतरला. "हे काऊन दाखवून राह्यले? मरायची गोष्ट करता? मी हाय ना, बरे होसान तुमी." त्यांनी मला पेटीच्या अगदी तळाशी दाबलं आणि कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवली.

मी ओरडलो असतो. पण कुणी वाचल्याशिवाय कागदाला आवाज नसतो. बाहेर गुरुजी रडत होते, ते मला पेटीच्या पत्र्यातून ऐकू येत होतं.

त्यानंतरही तो हात पेटीकडे जात राहिला. द्वारकाबाई तो अलगद धरून पांघरुणात घालायच्या. दोन महिन्यांनी दुसरा झटका आला आणि हात कायमचा थांबला.

मग द्वारकाबाईंनी मला बाहेर काढलं. पदराखाली धरून आदिलाबादच्या ऑफिसात आणलं. तिथल्या तेलुगू बाबूंनी मला वाचलं, दवाखान्याचे कागद पाहिले आणि चष्मा काढला. "अम्मा, ये पैसा तो बीमारी में ही मिलता था. आधा. तब क्यों नहीं आए?"

द्वारकाबाईंनी स्वतःचा डावा हात थोडासा उचलला, गुरुजी उचलायचे तसा, आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. "मले सांगतलं होतं त्यायनं," त्या म्हणाल्या. "लय येळा सांगतलं."

आता मी त्याच ऑफिसच्या कपाटात आहे. अंगाला भोक पाडून दोऱ्यात ओवलेला, वर धूळ. माझं काम संपलं.

तुमच्या पेटीत माझा एखादा भाऊ असेल. त्याला आज बाहेर काढा आणि घरातले सगळे बसलेले असताना मोठ्यानं वाचा. आजारांची नावंसुद्धा वाचा. गुरुजींचा आजार काही नाव घेतल्यानं आला नव्हता.