शेवटच्या गाडीची काठी

नव्व्याण्णव साली बैहरच्या घाटात सडकेचं काम निघालं, तेव्हा मी वरच्या फाटकावर रोजंदारीनं होतो. दरीकडची अर्धी सडक खोदलेली, म्हणून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायच्या. फोन नाही, वायरलेस नाही. खालच्या फाटकावरचा टिकाराम शेवटच्या गाडीवाल्याकडे एक लाल काठी द्यायचा. ती माझ्या हाती आली की घाट रिकामा. तरी मी प्रत्येक काठीवाल्याला विचारायचो, "वाटेत कोनाले मांगं टाकलं काय?" लोक हसायचे. माझी पोरगी अपेक्षा तर घरी माझी नक्कल करून दाखवायची.

त्या दिवशी रांगेत पहिली बस तिचीच होती. अकरा वाजता बालाघाटला शिक्षाकर्मीची, म्हणजे कंत्राटी मास्तरणीच्या नोकरीची मुलाखत. नऊ वाजले तरी काठी येईना. कुठं घोडं पेंड खातंय ते कळेना. बसमधले लोक मला शिव्या घालत होते, त्याचं काही नाही. पोरगी गप्प बसून घड्याळ बघत होती, ते मला सहन होईना.

एवढ्यात रोज ये-जा करणाऱ्या भोजराजची जीप चढून आली. त्यानं काठी दिली आणि मी लगेच फाटकाचा बांबू वर केला. बस गेली, तिच्यामागे सहा गाड्या गेल्या.

भोजराज चहा पिऊ लागला. "तरी लवकरच आलो म्हना, हेमराजभाऊ. सिमेंटचा ट्रक गोगलगायीवानी चढून राह्यला होता. मोडावर जागा भेटली, काढली पुढं."

"तो ट्रक कुठी हाय?"

"येऊन राह्यला ना मांगून," म्हणाला, आणि त्याचाच कप थांबला.

मी त्याला जीपमध्ये ढकललं आणि हॉर्न वाजवत खाली निघालो. तिसऱ्या वळणावर गाड्या थांबलेल्या दिसल्या. उतरून पुढे धावलो. बस आणि ट्रक समोरासमोर, मध्ये हातभर जागा. कोणाला खरचटलंही नव्हतं. पण एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खड्डा, आणि मागे सहा गाड्या. एकेक मागे घेता घेता दुपार होणार होती.

अपेक्षानं खिडकीतून ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, तुमी इचारलं नाही काय?"

"नाही."

तुझ्यासाठीच विचारलं नाही, हे अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं.