खडकावरची पितळी खुंटी

अथेन्सहून आलेलं ते पत्र पोलिदोरोस मास्तरांना नेमकं नको तेव्हा आठवायचं. चर्चमध्ये उभं असताना, दाढी करताना, तोंडात ऑक्टोपसचा चिवट तुकडा असताना. पत्र आलं तेव्हा ईस्टरचे उपास चालू होते. आता अंगणातले टोमॅटो पिकले, तरी उत्तर गेलं नव्हतं.

पत्र समुद्राची मोजदाद ठेवणाऱ्या कचेरीतल्या एका बाईंचं होतं. बेटाच्या बंदरावर खडकात एक पितळी खुंटी ठोकलेली आहे. दर रविवारी मास्तर तिच्या डोक्यापासून खाली पाणी किती अंतरावर आहे ते मोजत आणि आकडा अथेन्सला कळवत. बाईंनी विचारलं होतं : आसपासच्या सगळ्या बेटांवर समुद्र चढतोय, तुमच्याकडेच तो जागच्या जागी कसा? खुंटीला काही झालं आहे का? समुद्राची उंची मोजणारा नवा उपग्रह लवकरच सुटणार आहे, आणि त्याचं मोजमाप बरोबर आहे की नाही ते अशा खुंट्यांवरूनच पडताळायचं आहे.

मास्तर चष्मा पुसून खुंटी पहिल्यांदाच नीट निरखायला गेले. तिच्या जागी चुन्याचा पांढराशुभ्र लाडू होता. बेटावर सणाआधी दिसेल त्याला चुना फासतात : भिंती, पायऱ्या, झाडांचे बुंधे. गाढव एका जागी फार वेळ उभं राहिलं तर त्याचंही काही सांगता येत नाही. बंदराची बाजू मास्तरांच्या थोरल्या बहिणीकडे, मारूसोकडे होती. वर्षानुवर्षं तिने खुंटीवरही कुंचला फिरवला होता. समुद्र चढत होता आणि चुनाही चढत होता, अगदी जोडीने.

हे कळवायला दोन ओळी पुरल्या असत्या. पण समुद्र न चढल्याचं श्रेय गावाने केव्हाच खलाशांचा पाठीराखा असलेल्या संत निकोलसाला देऊन टाकलं होतं, आणि त्याच्या बंदरावरच्या देवळीची झाडलोट मारूसो करी. तिच्या प्रार्थनेमुळेच संताने समुद्र धरून ठेवलाय, असं पापा-झाफिरिस या धर्मगुरूंनी भर चर्चमध्ये सांगितलं, तेव्हापासून ती ताठ मानेने चालू लागली होती. आयुष्यभर भावाचं रांधत आलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी नावाजलं होतं. ते तिच्याकडून काढून कसं घ्यायचं? मास्तरांना तर सूप खारट झालंय एवढंही तिला सांगता येत नसे.

उपग्रह सुटला तो भर दुपारी. सगळं गाव स्त्रातिसच्या कॉफीच्या दुकानात टीव्हीपुढे जमलं होतं. स्त्रातिस गावचा सरपंचही होता. पापा-झाफिरिस यांनी तुळशीची जुडी तीर्थात बुडवून टीव्हीवर शिंपडली.

"अहो पापा, विजेवर चालतो तो! जळला तर भरून कोण देणार, संत?"

"अख्खा समुद्र अडवतो तो, तुझ्या टीव्हीचं काय घेऊन बसलास!"

रॉकेट धुराचा लोळ सोडत वर गेलं. नजर लागू नये म्हणून सगळ्यांनी तीनदा थू-थू केलं. पुढे बसलेल्यांनी माना पुसल्या.

"आता वरूनच कळेल जगाला!" स्त्रातिस ओरडला. "आमचा समुद्र हलत नाही! फलक रंगवायला टाकलाय मी. मारूसोताई, त्यावर तुमचा फोटो टाकू."

"फोटो कसला मेल्या या वयात," असं म्हणत मारूसोने केस सारखे केले.

मास्तर उभे राहिले. त्यांची खुर्ची मागे आपटली.

"चुना आहे तो," ते म्हणाले.

"कोण?"

"चमत्कार. समुद्र चढतोय. मी चुन्यावरून मोजत आलो."

मारूसोने त्यांच्याकडे नीट बघितलं. "पोल्या, कधीपासून माहीत आहे हे तुला?"

"उपासांपासून."

"आणि मी तुला दोन्ही वेळ गिळायला घालतेय!"

तिने स्त्रातिसचा बर्फ फोडायचा हातोडा उचलला आणि बंदराकडे निघाली. गाव तिच्या मागे. खडकावर तिने तीन घाव घातले. तीन बोटं जाडीचं चुन्याचं कवच निखळलं आणि आत हिरवट पितळ दिसलं.

"म्हणजे एवढी वर्षं समुद्र मी एकटीने धरून ठेवला?" ती म्हणाली. "संताने बोटसुद्धा लावलं नाही?"

पापांनी घाईघाईने छातीवर क्रुसाची खूण केली. मारूसो मात्र देवळीच्या पायरीकडे बघत होती. पाणी पायरीला चाटून जात होतं.

"हे मला रोज दिसायचं," ती हळूच म्हणाली. "वाटायचं, पायरीच खचली असेल. एवढा शिकलेला भाऊ सांगतो समुद्र चढत नाही, मग मला काय कळतंय?"

"पायरी मलाही दिसायची," मास्तर म्हणाले, "वाटायचं, माझीच नजर चुकत असेल."

"ऑगस्टचा सण होऊन जाऊ दे की," स्त्रातिस मध्येच म्हणाला. "पाहुणे येतील, खुंटी बघतील—"

"तुझ्या कॉफीत आधीच समुद्राचं पाणी असतं, तू बोलूच नकोस. पोल्या, कागद आण."

मास्तरांनी दुकानात परत येऊन टेबलावर पत्र लिहिलं. मारूसोने ते मोठ्याने वाचून घेतलं आणि खाली स्वतःच्या हाताने भर घातली : चुना उत्तम प्रतीचा होता, समुद्राच्या पाण्यातही उतरला नाही.

भिंतीवरच्या पिवळ्या टपालपेटीपाशी मास्तर थबकले. त्यांनी बहिणीकडे बघितलं. तिने समुद्राकडे तोंड फिरवलं होतं, पण मान ताठच होती. त्यांनी पत्र पेटीत टाकलं.