सोमवारपर्यंतची वाकळ

“आये, तू शिवतीयास का उसवतीयास?”

माहेरी आलेल्या चंद्राबाईने हसत विचारले. पण रंगूबाईच्या हातातली सुई थांबली. ओसरीवर पसरलेल्या वाकळीची सकाळपासून घातलेली एक अख्खी ओळ तिने नुकतीच उसवून टाकली होती.

“वाकडी गेली हुती. वाकडी वाकळ घिऊन माझी सून परक्याच्या दारात जाणार व्हय?”

“मला तर सरळ दिसती.”

“तुला काय दिसतंय! मलकापुरात ऱ्हाऊन डोळं बिघडलं तुझं.”

समोरच्या कडेला तिची सून बनू बसली होती. उसवलेला दोरा तिने हातावर सरळ करून घेतला, सुईत ओवला आणि तीच ओळ ती पुन्हा घालू लागली.

रंगूबाईचा मुलगा अर्जुना लढाईत इटलीत पडल्याची तार येऊन सव्वा वर्ष झाले होते. त्याची बायको बनू वीस वर्षांची, मूलबाळ नव्हते. त्यांच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, चालत असे. गेल्या सोमवारी बनूचा भाऊ आकाराम कवठे महांकाळहून आला आणि एका बिजवराचे नाव काढून गेला. त्याला थोडी जिराईत जमीन होती आणि दोन वर्षांची एक मुलगी. रंगूबाईचा नवरा नाथाजी खाली बघत एवढेच म्हणाला, “पोरीचं वय जातंय. मी आडवा येणार न्हाई.”

‘नाही’ म्हणायला रंगूबाईला तोंड उरले नव्हते. तिने फक्त सांगितले, “रिकाम्या हातानं धाडायची न्हाई मी तिला. वाकळ शिवून हुंदे. पुढल्या सोमवारी ये.”

आठ दिवस मिळाले होते. तेवढ्या दिवसांत पोरगीच आपल्या तोंडाने म्हणेल, आत्याबाई, मी जात नाही. रंगूबाईची सारी आशा ह्या एका वाक्यावर होती.

त्याच संध्याकाळी गुऱ्हाळावरची कुत्री सापाचे पान लागून मेली. तिच्या पिलांपैकी एक रंगूबाईने पदरात घालून आणले आणि बनूच्या मांडीवर ठेवले. “जगतंय का बघ,” ती म्हणाली. जन्मात कधी तिने कुत्र्याला ओसरी चढू दिली नव्हती. नाथाजीने तिच्याकडे जरा रोखून पाहिले.

बनू कापसाची वात शेळीच्या दुधात भिजवून पिलाच्या तोंडात धरी. दिवसातून सहा-सात वेळा तिला शिवण टाकून उठावे लागे, आणि तिने उठावे हेच रंगूबाईला हवे होते. पिलू वाकळीखाली शिरे, आतून ओळींवर उड्या मारी, दोरा पळवी. बनू खळखळून हसे. ते हसू ऐकले की रंगूबाईला वाटे, लागला जीव. आता ह्या पोरीचा पाय निघायचा नाही.

वहिनीला भेटायला आलेली चंद्राबाई गुरुवारी परत निघाली. जाताना तिने आईला गोठ्याशी गाठले.

“आये, वैनी परत तेच शिवती, तुला दिसत न्हाई? तिला समदं कळतंय. बोलत न्हाई एवढंच.”

“कळतंय तर ‘जात न्हाई’ म्हणू दे की.”

“आन ‘जाते’ म्हणायचं झालं, तर कुणाच्या तोंडाकडं बघून म्हणंल ती?”

रंगूबाईने वैरणीची पेंढी उचलली आणि लेकीकडे पाठ केली.

शनिवारी दुपारी ती नाथाजीची भाकरी पोचवून मळ्यातून परत आली. परसातून आत शिरताना तिला बनूचा आवाज ऐकू आला, म्हणून ती कुडाआडच थबकली.

बनूच्या हातात वात नव्हती. पुढे दुधाची वाटी होती आणि ती पिलाचे तोंड हलकेच वाटीत बुडवून त्याला आपले आपण चाटायला शिकवीत होती. तिने रंगूबाईचे जुने लुगडे खांद्यावर घेतले होते. पिलाने दोन घोट घेतले की ती त्याचे नाक त्या पदरात खुपसून धरी.

“वळख बरं ह्यो वास. ह्या आत्याबाई. आता ह्यांच्या मागं मागं फिरायचं. वरडल्या तरी लांब जायाचं न्हाई. त्या वरडत्यात लय, पर मारत न्हाईत.”

तिचा आवाज कापत नव्हता. नवख्या गडीमाणसाला घराची रीत समजावून द्यावी तशी ती बोलत होती.

रंगूबाई आल्या वाटेने पांदीपर्यंत मागे गेली. तिथे बांधावर थोडी टेकली. मग मोठ्याने खाकरत, पाय वाजवीत घरात आली. हातपाय धुऊन वाकळीवर बसली.

“आत्याबाई, काल ती कडंची वळ तुमाला वाकडी वाटली हुती. उसवू?” बनूने विचारले.

“नगं,” रंगूबाई म्हणाली. “सरळ हाय ती.”

त्यानंतर तिने एकही टाका उसवला नाही. कडेकडून आत सरकत गेलेल्या ओळी रविवारी दिवस मावळायच्या सुमारास मधोमध येऊन भिडल्या.

सोमवारी सकाळी आकाराम गाडी घेऊन आला. बनूने सासऱ्याच्या पायांवर डोके ठेवले. मग ती उंबऱ्याशी बसून हातांतले चांदीचे गोठ काढू लागली. ह्या घरचा डागदागिना अंगावर ठेवून पाटाला उभे राहायचे नाही, अशी रीत होती. पण ते बाराव्या वर्षी चढवलेले भरीव गोठ. कामाने रुंदावलेल्या पंजावरून ते खाली उतरेनात. बनूने ओढून पाहिले. बोटांच्या सांध्यांवर वळ उठले.

“ऱ्हाऊ द्या, मावशी,” आकाराम म्हणाला. “उद्या करंजवड्याचा बाजार हाय, सोनार येतोय. त्येच्याकडनं कापून घिऊ. आमी परवा निघतो. दोन दिसानं काय बिघडतंय?”

दोन दिवस. आठवडाभर जे रंगूबाईने सुईने ओढून आणू पाहिले होते, ते आयतेच पदरात पडत होते. बनूने मान वर केली आणि सासूकडे बघितले. नाथाजी दाराशी उभा होता.

“कापायचं न्हाई,” रंगूबाई म्हणाली. “उगं ओढू नगंस, पोरी. थांब.”

ती आतून करडईच्या तेलाची वाटी घेऊन आली. बनूसमोर बसून तिने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, बोटे एकत्र जुळवली आणि अंगठा हलकेच तळहाताखाली दाबला. तेल चोळीत, गोठ फिरवीत, तो बोटभर पुढे आणून पुन्हा तेल लावीत तिने बऱ्याच वेळाने एक काढला.

“दुखलं?”

“न्हाई, आत्याबाई.”

मग दुसरा काढला.

दोन्ही मनगटांवर गोठांच्या जागी कातडी गोरी आणि मऊ राहिली होती, बारा वर्षांच्या पोरीच्या हाताची असावी तशी. वाटीत थोडे तेल उरले होते. रंगूबाईने ते बोटांवर घेतले आणि त्या दोन गोऱ्या पट्ट्यांवर सावकाश चोळत राहिली.