सतरा ते पंचवीस

बाबांना हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांच्या वॉर्डात हलवलं, त्याच दुपारी धाकट्याचा फोन आला. तो बोटीवर इंजिनियर. उद्या एका बंदरात उतरता येईल, पण मग नोकरीवर पाणी सोडावं लागेल. नाहीतर थेट चौदाव्या दिवशी. त्यानं एवढंच विचारलं, "ताई, उद्या उतरू की थांबू?"

दुसरी एखादी बहीण म्हणाली असती, नोकरी गेली खड्ड्यात, तू ये. पण ही पडली कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी, हिला आकड्यांशिवाय तोंड उघडणं जमायचंच नाही. तिनं सिस्टरना गळ घातली आणि बाबांचाच आजार असलेल्या मागच्या सोळा पेशंटनी तिथं किती दिवस काढले, ते रजिस्टरातून उतरवून घेतलं. मग कॉरिडॉरमधल्या बाकावर मांडला हिशेब. सरासरी एकवीस दिवस, प्रमाण विचलन आठ. सोळाचं वर्गमूळ चार. आठ भागिले चार, दोन. नमुना लहान, म्हणून कोष्टकातला गुणक २.१३. एकवीसच्या अलीकडे-पलीकडे सव्वाचार. सतरा ते पंचवीस, पंच्याण्णव टक्के खात्रीनं. तिनं दोनदा ताळा केला. चूक शोधून सापडली नसती.

"थांब," तिनं धाकट्याला सांगितलं. "सतरा दिवस तरी आहेत."

बाबा रोज विचारायचे, आला का गं? ती म्हणायची, अजून वेळ आहे, येतोय. मग ते निवांत डोळे मिटायचे. लेकीच्या गणितावर त्यांचा भारी भरवसा.

नवव्या दिवशी सकाळी चमचाभर पाणी घेतलं आणि बाबा गेले.

सिस्टर चादर काढत होत्या तेव्हा ताईनं तो कागद पुन्हा बघितला आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. सतरा ते पंचवीस ही हद्द सरासरीची होती, कुणा एका माणसाची नव्हेच. त्या सोळांत एक जण आठव्या दिवशी गेलेला, एक दहाव्या. तिच्याच अक्षरात लिहिलेलं. अहो, याच चुकीसाठी ती दरवर्षी पोरांचे मार्क कापायची! भिंतीला टेकून ती ओक्साबोक्शी रडली.

धाकटा ठरल्याप्रमाणे चौदाव्या दिवशी घरी आला. खांद्यावरची बॅग न उतरवताच बाबांच्या खोलीत उभा राहिला. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आपलं कुठं चुकलं ते ती समजावायला लागली, सरासरी, नमुना, हद्द. त्यानं हातानंच थांबवलं.

"माझी वाट बघत होते?"

"रोज."

"शेवटी काय म्हणाले?"

ताईनं पलंगावरची चादर सारखी केली.

"त्या दिवशी श्वास फार जड झाला होता. मला म्हणाले, 'पाचच दिवस राहिले ना गं तो यायला? काढतो मी.'"

धाकटा बॅगेसकट पलंगाच्या कडेवर बसला.