बाबल्या तांडेलांनी कडी लावली

माणूस एकटा येतो, एकटा जातो. म्हणून मधल्या काळातही त्याला कुणाची गरज नसते, असा सिद्धान्त पूर्णगडचे बाबल्या तांडेल मांडत होते. जन्मभर होडी चालवलेला माणूस, आवाज अजून खणखणीत. फक्त मांडताना त्यांचा एक हात सदऱ्याच्या बाहीत अडकला होता. ऋतिकाने तो सोडवला.

ऋतिका पावस गावाहून स्कूटीवरून रोज सकाळी येई. म्हाताऱ्यांना आपल्याच घरी राहता यावं म्हणून मदत करणाऱ्या एका संस्थेची ती. पण तिला नेमलं होतं विरारला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने, दीपेशने. म्हणजे ती हेर, हे उघडच होतं. "चक्कर येते का, आजोबा?" हा पुरावा गोळा करायचा प्रकार. चक्कर कबूल केली की विरार, सातवा मजला.

त्या दिवशी तर तिने न्हाणीचा फोटो काढला आणि अंगणात जाऊन फोनवर कुजबुजली, "उद्याच उरकते, दीपेशदादा. त्यांना आधी सांगू नका, हट्ट करतील."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तांडेलांनी पुढच्या दाराला आतून कडी लावली.

इथेच चुकलं. मच्छीमारांच्या या खारवीवाड्यात पुढची दारं उजाडताच उघडतात, ती थेट रात्री लागतात. दिवसा दार बंद म्हणजे आतला माणूस गेला. शेजारच्या गुणवंतीने मासळीची टोपली खाली ठेवली आणि गळा काढला. जाळी टाकून माणसं धावली. कुणी दीपेशला फोन लावला, कुणी तिरडीचे बांबू बघायला गेलं. आत तांडेलांनी हाकांना ओ दिली नाही; त्यांना वाटलं, न्यायला आले! एवढी माणसं आणावी लागली, याचं त्यांना जरा बरंही वाटलं.

दार फुटलं. तांडेल वल्हं उगारून उभे.

"जिता हाय रे हा!" गुणवंती जवळजवळ नाराजीने ओरडली. "मग कडी कशाला घातलीस, मेल्या?"

"ही पोरगी मला विरारला धाडतेय!"

गर्दीत उभ्या ऋतिकाच्या हातात स्टीलचा दांडा होता. "न्हाणीत धरून उठायला आणलाय, आजोबा. घसरलात तर मात्र जावंच लागेल."

फोनवर दीपेश रडवेला झाला होता. "बाबा, आता पुरे. आजच गाडी घेऊन येतो."

ऋतिकाने फोन घेतला. "दादा, इथे एक दार बंद दिसलं तर अख्खी वाडी जमली. तुमच्या मजल्यावर सगळीच बंद असतात. तिथे कुणाला कळणार?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "दांडा नीट बसवा."

सगळे तांडेलांकडे बघू लागले. त्यांनी वल्हं खाली ठेवलं, घसा खाकरला. गुणवंतीने पदर डोळ्यांपाशी तयार धरला.

"ऋतिका," ते हळूच म्हणाले, "नेलकटर आहे काय गो? पायापर्यंत वाकवत नाय."